पैसा उनात का रे?

परवा अमळनेरच्या बाजारात भरिताची वांगी घेतली. 60 रुपये. टोपलीला टेकवलेला कोड स्कॅन केला आणि पैसे गेल्याची हिरवी खूण विकणाऱ्या मावशींना दाखवली. त्यांनी तिकडे ढुंकूनही न बघता कमरेचा साधा फोन काढला आणि पोराला फोन लावून अहिराणीत विचारलं, "पैसा उनात का रे?" म्हणजे पैसे आले का? तो म्हणाला "उनात", तेव्हा कुठे वांगी माझ्या पिशवीत पडली.

‘खेड्यातले लोक डिजिटल व्यवहाराला घाबरतात, अडाणी असतात’ हे ऐकलं की मला या मावशी आठवतात. अडाणी कसल्या? कोड पोराच्या नावाचा, पैसे पोराच्या खात्यात. वांगी विकायची यांनी आणि संध्याकाळी तेलमिठाला मागायचे पोराकडे! रोख मिळाली तर ती थेट कमरेच्या पिशवीत जाते.

नोटाबंदीनंतर आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यानेही मोबाइल वॉलेट घेतलं होतं. पण पैसे आधी वॉलेटमध्ये, मग तिथून बँकेत, वर 2018 मध्ये केवायसीची, म्हणजे ओळखीची कागदपत्रं देण्याची, सक्ती आली. कंटाळून त्याने सोडून दिलं. यूपीआय मात्र टिकलं, कारण पैसा थेट खात्यात पडतो आणि 2020 पासून दुकानदाराला कमिशनही नाही. त्यात पैसे आले की मोठ्याने सांगणारा तो बोलका डबा आला. गिऱ्हाइकाची गर्दी असताना मोबाइल कोण बघत बसणार? माझ्या मते निम्मं काम त्या डब्यानेच केलं.

केनियात 2007 साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आली, तीही साध्या फोनवर. तिथे रोख भरायला-काढायला कोपऱ्यावरचा दुकानदार एजंट असायचा. काही अडलं तर समोर माणूस! आपल्याकडे अडलं की हेल्पलाइनवरचं संगीत ऐका. आमच्या ओळखीच्या एका चहावाल्याचं खातं कुणा गिऱ्हाइकाच्या संशयास्पद पैशांपायी गोठलं. बँक म्हणे पोलिसांकडे जा, पोलीस म्हणे बँकेत जा. तीन आठवडे उधारीवर दूध. आता त्याच्याकडे कोड आहे, पण दर्शनी नाही, मागितला तरच काढतो.

साध्या फोनवरून चालणारं यूपीआय 2022 पासून आहे म्हणे. मावशींना विचारलं, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. "माझ्या नावाचं होईल का?" एवढंच त्यांनी विचारलं. खातं आहे, पासबुक घरी डब्यात आहे, पण खात्याला जोडलेला नंबर पोराचा.

निघताना मागे वळून पाहिलं, तर मावशींनी कोडाचा पुठ्ठा वांग्यांखाली सरकवला होता.