एकवीस खोट्या सह्या

काल रात्री साडेअकराला मी एकवीस खोट्या सह्या केल्या.

लेक चौथीत आहे. जूनमध्ये शाळेने 'वाचन नोंदवही' दिली. तारीख, पुस्तकाचं नाव, किती पानं, 'या पुस्तकातून मी काय शिकले' आणि पालकांची सही. रोज वीस मिनिटं वाचायचं. आज वही द्यायची होती आणि तीन आठवडे कोरे! ती रकाने भरत गेली, मी सह्या ठोकत गेले. ऑक्टोपसच्या पुस्तकापुढे तिने लिहिलं, 'नेहमी खरे बोलावे.' म्हटलं, ऑक्टोपस खोटं बोलतो का गं? तर म्हणाली, "आई, काहीही चालतं. बाई फक्त रकाना भरलाय का बघतात." मी त्याच्यापुढेही सही केली.

आणि ते पुस्तक तिने खरंच वाचलंय. दोनदा. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, त्याचं रक्त निळं असतं, हे मुलुंडपासून दादरपर्यंत अख्ख्या लेडीज डब्याला ऐकवून झालंय. समोर मटार सोलत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "मग घाबरला की कुठलं धडधडतं गं?" लेक दोन दिवस त्याचं उत्तर शोधत होती. याला वहीत रकाना नाही.

बाईंवर राग नाही. 60 मुलं, वर परीक्षा, वर निवडणुकीची कामं. पण तेवढ्याच वेळात दुसरं काही होऊ शकतं. आठवड्याला 35 मिनिटांचा एक तास ठेवा, ज्याने त्याने आपापलं पुस्तक वाचावं. बाईंनी फक्त सहा मुलांजवळ जाऊन बसावं. कुठवर आलास? एवढं वाचून दाखव बघू. मूल कुठे अडखळतंय, कुठे नुसतीच पानं उलटतंय, दोन मिनिटांत कळतं. दहा आठवड्यांत वर्ग पुरा. मी घरी बोटांची युक्ती करते: पानावर शब्द अडला की एक बोट, पाचही बोटं संपली तर ते पुस्तक तूर्त कपाटात. अर्धवट सोडलं म्हणून ओरडा नाही. (मीही किती सोडलीत, कपाट साक्षीला आहे.)

गेल्या 15 ऑक्टोबरला, कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन म्हणून वर्गाच्या ग्रुपवर पुस्तक हातात धरलेल्या मुलांचे फोटो मागवले होते. आम्हीही पाठवला. पुस्तक माझं पाककृतींचं होतं, हाताशी तेच सापडलं.

पुस्तकं परवडत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. लेकीने त्यातली फक्त कोडी सोडवली, गोष्टींकडे ढुंकून पाहिलं नाही. असू दे. कोडं सुटायला आधी ते वाचावंच लागतं.

संध्याकाळी वही परत आली. ऑक्टोपसपुढे लाल पेनाने 'छान!' आणि एक स्टार.