‘आईची सही होती ना?’ : एका सर्जनसरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या महिन्यात मी ‘कोरा फॉर्म’ नावाचा लेख इथे लिहिला. ऑपरेशनआधीच्या संमतीपत्रावर सही कोणाची घ्यायची आणि काय सांगून घ्यायची, असा त्याचा विषय. त्यात ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालाची हकिगत होती: तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिला न विचारता, नुसत्या तिच्या आईच्या होकारावर काढलं, ते प्रकरण. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. तालुक्याच्या गावी २२ वर्षं सर्जरी करताय, एवढीच ओळख तुम्ही दिली आहे, म्हणून नुसतं ‘सर’ म्हणते. तशीही सिस्टर म्हणून ३१ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गेल्यावर जिभेला तीच सवय आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरांचं म्हणणं असं की मी त्या डॉक्टरीणबाईंना खलनायिका केलं, त्यांचा हेतू चांगला होता हे सांगितलंच नाही. आपल्याकडे असले निर्णय अख्खं घर घेतं. आईनं हो म्हटल्यावर डॉक्टरनं आणखी काय करायचं? कोर्टानंही शेवटी भरपाई म्हणून २५ हजारच दिले, म्हणजे त्यांनाही प्रकरण किरकोळच वाटलं असणार. शिवाय असले लेख वाचून डॉक्टर घाबरतात, पेशंटला हात न लावता पुढे पाठवतात आणि तो वाटेत जातो. आणि अगदी शेवटी: ‘फॉर्म तर तुम्ही सिस्टर लोकच भरून घेता. मग इतकी वर्षं तुम्ही काय केलंत?’

शेवटच्यापासून सुरू करते, नाहीतर टाळल्यासारखं होईल.

मी काय केलं ते सांगते. साल सांगत नाही, हॉस्पिटल तर नाहीच. पस्तिशीची बाई ट्रॉलीवर होती. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या खिशात. केसपेपरला फॉर्म लावलेला, इंग्रजीतला. खाली नवऱ्याची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. वॉर्डबॉय मामांनी ट्रॉली ओटीच्या दाराशी आणली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, “सिस्टर, नक्की काय काढनार हायेत माजं?” आत ऑपरेशन करणारे सर हात धूत होते. भूलतज्ज्ञांना दुपारी दुसऱ्या हॉस्पिटलला जायचं होतं. मी म्हटलं, “घाबरू नका, सर सांगतील.” सरांनी काही सांगितलं नाही. मीही त्यांना आठवण केली नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. आठव्या दिवशी ती टाके काढायला आली, जखम कोरडी, ताप नाही. टाके काढून झाल्यावर साडी सारखी करत तिनं विचारलं, “आता पाळी कवा येईल?” तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत, कात्री हातात धरून, मी तिला सांगितलं की पिशवी काढलीय, आता पाळी येणार नाही. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ह्यांना म्हाईत हुतं व्हय?”

हो, त्यांना माहीत होतं. सही त्यांचीच होती.

तर सर, मी हे केलं. त्या फॉर्मवर माझीही सही आहे, आणि मी साक्षीदार कशाची होते हे मला आजही नीट सांगता येत नाही. ऑपरेशनची माहिती देणं हे सिस्टरचं काम नव्हे, ते ऑपरेशन करणाऱ्याचं. हे मला तेव्हाही पाठ होतं. पण पेशंटला काहीच माहीत नाही हे कळल्यावर ट्रॉली थांबवणं, ‘सर, एक मिनिट बाहेर या’ म्हणणं, हे माझंच काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ पासून आली. तिचा पहिलाच प्रश्न भूल देण्याआधी विचारायचा आहे, आणि तो पेशंटला विचारायचा आहे: तुम्ही कोण, कुठलं ऑपरेशन, कुठल्या जागी, तुमची संमती आहे का. आमच्याकडे ती लॅमिनेट करून भिंतीवर आली. भरायची मात्र संध्याकाळी, सगळ्या केसेस संपल्यावर, एका बैठकीत.

आता तुमचा पहिला मुद्दा. तो शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याबद्दल माफी मागते. त्या निकालात न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे की डॉक्टरांनी जे केलं ते चांगल्या हेतूनं, पेशंटच्या भल्यासाठी केलं. मी ते लिहायला हवं होतं. पण सर, त्यामुळे तो निकाल तुमच्या बाजूला झुकत नाही. उलट तो जास्त टोचतो. हेतू वाईट असता तर तुम्ही आणि मी, दोघंही ‘असे लोक आमच्यात नाहीत’ म्हणून मोकळे झालो असतो.

घटना पुन्हा बघा. मे १९९५. ४४ वर्षांची अविवाहित बाई, पाळीचा रक्तस्राव थांबत नाही म्हणून दिल्लीतल्या डॉक्टरांकडे आली. दुसऱ्या दिवशी भुलेखाली दुर्बिणीतून तपासणी ठरली. फॉर्मवर लिहिलं होतं: दुर्बिणीतून तपासणी आणि उपचार, पोट उघडावं लागू शकतं. तपासणी चालू असताना डॉक्टरांच्या सहायक बाहेर आल्या आणि पेशंटच्या वृद्ध आईची संमती घेऊन आत गेल्या. गर्भाशय, दोन्ही बीजकोश, दोन्ही नलिका काढल्या गेल्या. न्यायालयाचं म्हणणं असं की पोट उघडायला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायला दिलेली संमती नव्हे. पेशंट सज्ञान आहे, धडधाकट डोक्याची आहे, फक्त भुलेखाली आहे. ती जागी होईपर्यंत थांबायचं. जिवाला धोका नव्हता. दुसरं ऑपरेशन वाचेल, खर्च आणि त्रास वाचेल, ही कारणं कितीही खरी असली तरी ती संमतीच्या जागी बसत नाहीत.

‘आईची सही होती ना?’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. म्हणून ओटीच्या त्या दाराबद्दल जरा बोलते, कारण त्या दाराच्या आतून तुम्ही कधी बाहेर बघितलेलं नाही, आणि मी हजारदा बघितलंय.

ओटीचं दार अर्धं उघडतं. तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, अशी कोणीतरी डोकावते आणि मोठ्यानं विचारते, “अमुकचे नातेवाईक कोण आहेत?” बाकावरचा सगळा गोतावळा एकदम उठतो. पायातली चप्पल सापडत नाही. “आत असं असं निघालंय, काढावं लागेल, सही करा.” नातेवाईक काय ऐकतात? ते एवढंच ऐकतात की आत पोट उघडं आहे आणि आपण उशीर करतोय. ३१ वर्षांत त्या दारात ‘नाही’ म्हणालेला एक माणूस मला आठवत नाही. काहींनी सही करताना हात जोडले. एका म्हाताऱ्यानं, त्यांना वाचता येत नव्हतं, अंगठा उठवून मलाच विचारलं होतं, “पोरगी वाचंल न्हवं?” त्या केसमध्ये वाचण्या-न वाचण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही ज्याला आईचा निर्णय म्हणता तो हा असा असतो.

आपल्याकडे घर निर्णय घेतं, हे मला मान्य आहे. बाई स्वतःच म्हणते, ‘ह्यांना विचारा’, ‘भावाला येऊ द्या’. जरूर विचारा, सगळ्यांना बसवून समजावून सांगा. घराला विचारणं चुकीचं नाहीच. फक्त घराला विचारलं म्हणून तिला विचारायचं राहून जातं, तिथे घोळ आहे. तुम्ही डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतला ७.१६ हा नियम दाखवलात, की त्यात ‘पती किंवा पत्नी, अज्ञान मुलाचे पालक, किंवा स्वतः रुग्ण, यथास्थिती’ असं लिहिलंय. लिहिलंय खरं, आणि वाक्य गोंधळाचं आहे हेही कबूल. (२०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे पुन्हा हेच लागू झाले.) पण त्याच नियमात पुढे आहे की ज्या ऑपरेशननं वंध्यत्व येऊ शकतं त्याला पती आणि पत्नी दोघांची संमती हवी. दोघांची! आपण त्यातली नवऱ्याची तेवढी घट्ट धरली. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. सज्ञान बाईची एकटीची संमती त्याला तेव्हापासून पुरते. तरी किती ठिकाणी ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून बायकांना परत पाठवताना मी ऐकलंय, ते मोजलेलं नाही.

‘हे सगळं परदेशी खूळ, आपल्या अडाणी पेशंटला काय कळणार’ असंही तुम्ही लिहिलंय. गंमत म्हणजे तुमचं हे म्हणणं त्याच निकालात आहे, आणि तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. बहुसंख्य रुग्ण गरीब आहेत, डॉक्टरी शब्द त्यांना कळत नाहीत, मिळेल तो उपचार त्यांना उपकारासारखा वाटतो, त्यांच्यासाठी संमती आणि निवड या शब्दांना अर्थच उरलेला नाही, असं न्यायमूर्तींनी लिहून ठेवलंय. म्हणूनच समंजस रुग्णाला महत्त्वाचा वाटेल असा प्रत्येक धोका सांगितलाच पाहिजे ही कडक अमेरिकी कसोटी त्यांनी आपल्याकडे घेतली नाही. पुरेशी माहिती द्या, एवढंच मागितलं: काय करणार, कशासाठी, दुसरा उपाय आहे का, मोठे धोके कोणते, नाही केलं तर काय होईल. तालुक्याच्या सर्जनला यापेक्षा सोपं काय मागायचं? आणि एवढं सगळं समजून घेऊनसुद्धा तिघा न्यायमूर्तींनी निकाल बाईच्या बाजूनं दिला.

पेशंट अडाणी आहे म्हणून विचारू नये, या वाटेनं गेलं की काय होतं ते आपण बीडला बघितलं. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, समिती नेमली गेली. तिशीच्या आतबाहेरच्या बायका. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, अंगावर उचल घेतलेली, आणि डॉक्टर म्हणतात की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. त्या बायकांच्या फॉर्मवर सह्या-अंगठे नव्हते असं कोणी म्हणू शकेल का? कागद बघितला तर सगळं रीतसर निघेल.

घाबरण्याबद्दल. इमर्जन्सीत संमतीची वाट बघत पेशंट जाऊ द्या असं कुठलाही कायदा सांगत नाही. १८६० च्या दंडसंहितेच्या ९२ व्या कलमात उदाहरण म्हणून चक्क एक सर्जनच आहे: मुलाला अपघात झालाय, पालकांना विचारायला वेळ नाही, मूल रडून नको म्हणतंय, तरी तो ऑपरेशन करतो, आणि तो गुन्हा नाही. तीच तरतूद आता दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात आहे. १९८९ च्या परमानंद कटारा निकालानं तर अपघाताचा पेशंट आधी बघा, पोलिसांचे कागद मागाहून, असं बजावलं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यायला लावलं, ऊठसूट अटक करू नका म्हटलं. म्हणजे जिथे खरी भीती वाटावी तिथे कायदा तुमच्या पाठीशी आहे. तो अडवतो फक्त घाई नसलेल्या ठिकाणी. ओटीत हात चालवताना होणाऱ्या चुकीची भीती मला कळते सर, मी ती तुमच्या लोकांच्या कपाळावरून पुसली आहे, अक्षरशः, गॉझनं. पण आदल्या संध्याकाळी कॉटजवळ स्टूल ओढून दहा मिनिटं बोलायची भीती कसली?

आणि ते २५ हजार. १९९५ ते २००८ अशी तेरा वर्षं ती बाई लढली, मागितले होते २५ लाख. ऑपरेशनची फी डॉक्टरांना मिळणार नाही असंही न्यायालयानं सांगितलं, तेवढं तुम्ही वगळलंत. रक्कम मलाही फार कमी वाटते. पण कमी दिली म्हणून गोष्ट किरकोळ, हे कुठलं गणित?

तुम्ही आणखी एक विचारलं होतंत, ‘मग आम्ही करायचं तरी काय?’ चिडून लिहिलं असेल, पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याचंही उत्तर निकालात आहे. तपासणीत काय निघू शकतं याचा तुम्हाला अंदाज असतोच. मग तपासणी आणि त्यातून पुढे लागू शकणारं ऑपरेशन, दोन्हींची संमती आधीच, एकत्र घेता येते, फक्त त्या ऑपरेशनचं नाव स्पष्ट लिहून. ‘गाठ निघाली तर गाठ काढू. पिशवी खराब दिसली तर काढू का, की तुम्ही जाग्या झाल्यावर विचारू?’ हे तिला आदल्या दिवशी विचारायचं, नवऱ्यासमोर विचारायचं, आणि एकदा तो चहाला गेल्यावरही विचारायचं. दोन वेळेला उत्तरं वेगळी येतात. मी ऐकली आहेत.

तुमच्याकडचा फॉर्म इंग्रजीत असेल तर कोरा नमुना मला पाठवा. आता वेळच वेळ आहे, बसून मराठी करून देते. फक्त त्यात ‘गर्भाशय’ लिहू की ‘पिशवी’, ‘बीजकोश’ला तुमच्याकडे काय म्हणतात, हे तेवढं ओपीडीच्या रांगेतल्या बायकांना विचारून कळवा.