डेंट साहेबांचा कर आणि आपले मीम

महापालिकेने पाळीव कुत्र्यांच्या परवान्याचा विषय काढला की गावाकडच्या ग्रुपांवर एक दाखला हमखास फिरतो. इंग्लंडात १७९६ साली कुत्र्यांवर कर लागला, चित्रकारांनी त्याची इतकी टर उडवली की सरकारला तो गुंडाळावा लागला, तेव्हा आपणही मीम करून परवाना हाणून पाडू. लंडनमध्ये बसून हे वाचताना चीड येते, कारण तो कर गुंडाळला गेलाच नाही. मंजूर झाला, आणि पुढे परवान्याच्या रूपाने १९८७ पर्यंत टिकला.

लँकेस्टरचे खासदार जॉन डेंट यांनी कुत्र्यामागे अडीच शिलिंग मागितले होते. धान्याची टंचाई, मेंढ्यांवरचे हल्ले, रेबीजची भीती ही त्यांची कारणं. लोकांनी त्यांना ‘डॉग डेंट’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना कायमचं चिकटलं. पंतप्रधान पिट यांना फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवाच होता. मात्र त्यांच्याच मंत्रिमंडळातले विल्यम विंडम गरिबाच्या कुत्र्याच्या बाजूने उभे राहिले. शेवटी मंजूर झालेला दर असा : शिकारी कुत्र्याला किंवा एकाहून अधिक कुत्री असल्यास प्रत्येकी पाच शिलिंग, घरातल्या एकुलत्या साध्या कुत्र्याला तीन. ज्यांच्यावर घराचे वगैरे कर बसतच नव्हते, अशा गरिबांचं एक साधं कुत्रं सुटलं. विरोधाची खरी कमाई ही सूट आहे, आणि आपल्याकडे तिचं नावही कोणी घेत नाही.

आता चित्रांकडे या. व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांचं ‘जॉन बुल अँड हिज डॉग फेथफुल’ २० एप्रिल १७९६ चं. आंधळा, लाकडी पायाचा जॉन बुल, म्हणजे सामान्य इंग्रज. त्याला ओढत नेणाऱ्या हडकुळ्या कुत्र्याला चेहरा पिट यांचा, आणि त्याच्या पट्ट्यावर वाट दाखवण्याचा परवाना! विरोधी नेते फॉक्सही कुत्रा होऊन लाकडी पायाशी झोंबतात. कुत्रा पाळणाऱ्या बाईची इथे खिल्ली नाही. रोख थेट सत्तेवर, आणि विरोधकही सुटलेले नाहीत. आपल्या मीमांमध्ये मात्र लॅब्रॅडोर घेऊन फिरणाऱ्या काकू असतात.

असं चित्र छापण्याचं काम मिनिटात होणारं नव्हतं. तांब्याचा पत्रा घासून गुळगुळीत करायचा, गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर द्यायचा, मेणबत्तीच्या धुराने तो काळा करायचा आणि सुईने कोरायचं, तेही अक्षरं उलटी. मग सौम्य केलेलं नायट्रिक आम्ल ओतायचं आणि रेघांवर धरणारे बुडबुडे पिसाने सारायचे, नाहीतर रेघ तुटक येते. फिकट हव्या त्या रेघा लवकर वॉर्निशने झाकायच्या आणि उरलेल्या आणखी खाऊ द्यायच्या. पत्रा नीट साफ नसला की थर सुटतो, आम्ल नको तिथे शिरतं आणि सगळा पत्रा डागाळतो. शेवटी शाई भरून, पुसून, ओलसर कागदावर रुळांच्या दाबयंत्रातून ठसा काढायचा आणि हाताने रंगवायचं. शिवाय १७३५ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण हवं तर प्रकाशकाचं नाव आणि तारीख चित्रावरच कोरावी लागे. निनावी फॉरवर्डला हे मोल नाही.

इंग्लंडातला परवाना कशाने मेला, तेही सांगतो. शेवटी त्याची किंमत ३७ पेन्स होती आणि वसुलीचा खर्च उत्पन्नाहून जास्त. आज इथे कुत्र्याला ओळखीची मायक्रोचिप लागते, नसली तर पाचशे पौंडांपर्यंत दंड. लोक निमूट करतात. आपल्याकडे रेबीजच्या लशीचा दाखला मागितला तरी हक्कांची भाषा सुरू होते, याचा मला खरंच राग येतो.

‘तुम्ही तिकडे कौन्सिल टॅक्स भरा, इथलं आम्ही बघू,’ असं उत्तर येतं. ते लागतं. पण इथल्या त्या स्थानिक करावर चिडायला मला कधी जमलं नाही. तो भरतो आणि विसरतो. चीड येते ती महापालिकेचीच, आणि म्हणून मी विचारणार : नव्या नियमात झोपडीपुढे राखणीला बसलेल्या एकुलत्या गावठी कुत्र्याला सूट आहे का, आणि नसेल तर त्याचं चित्र कोण काढतंय?