आरक्षणाचा हुकूम म्हणजे वाढदिवसाची खैरात नव्हे

राजर्षी शाहू महाराजांचा 6 मेचा स्मृतिदिन झाला की 26 जूनच्या जयंतीपर्यंत कोल्हापूरच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतो. शाहू महाराज जन्मले कागलला, 26 जून 1902 ला वाढदिवशी त्यांनी जुन्या राजवाड्यात दरबार भरवला आणि निम्म्या नोकऱ्या एका समाजाला वाटून टाकल्या, असं त्यात म्हटलंय. पाठवणारे आपलेच लोक आहेत, प्रेमानं पाठवतात. तरीही हे खोडून काढायलाच हवं.

आधी तारीख. हुकूम 26 जुलै 1902 चा आहे. 26 जूनला महाराज कोल्हापुरात नव्हतेच. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले होते. तो सोहळाही 26 जूनलाच व्हायचा होता, पण राजा आजारी पडला आणि सोहळा 9 ऑगस्टवर गेला. महाराज विलायतेत असतानाच हा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आला. दरबार नाही, वाढदिवस नाही.

आता ‘निम्म्या नोकऱ्या वाटल्या’. हुकूम नीट वाचा. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, असं त्यात आहे. म्हणजे कुणाची भाकरी काढून घेतलेली नाही. ज्या कचेरीत या वर्गांचे अंमलदार निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता सरकारात पाठवायचा. मला या हुकमात सर्वांत मोठं वाटतं ते हे कलम. नुसती घोषणा करणारा राजा तिमाही हिशेब मागत नाही. कागद कचेरीत कसा दडपला जातो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

‘एका समाजाला’ हेही साफ खोटं. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी व्याख्या हुकमातच दिली आहे. त्यात मराठा आले, दलित आले, मुसलमान आले, जैनही आले. आदल्याच वर्षी, 1901 ला, महाराजांच्या पाठबळानं मराठा आणि जैन बोर्डिंग सुरू झाली होती, ती काय एकाच समाजासाठी?

राहिला जन्म. कागल हे महाराजांच्या मूळ घाटगे घराण्याच्या जहागिरीचं गाव, म्हणून घोळ होतो. महाराज जन्मले 26 जून 1874 ला, कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये. छत्रपतींच्या गादीवर ते दत्तक गेले 17 मार्च 1884 ला. जयंतीला जन्मस्थळी जायचं असेल तर गाडी बावड्याकडं वळवा.