‘बायस शून्य करा’ म्हणे!

सध्या एक संदेश फिरतोय: ‘बायस म्हणजे पूर्वग्रह. तो कुठेही असला तरी दोषच. बायस शून्य केला की उत्तर अचूक येतं. आणि यंत्राला तो नसतोच, कारण यंत्र गणितावर चालतं.’ चार वाक्यं, चारही ठोकून दिलेली.

पहिलं लगेच निकालात निघतं. लॉन बोल्सच्या खेळात चेंडू मुद्दामच एका अंगाला कलणारा घडवतात आणि त्या कलालाच बायस म्हणतात. वेग मंदावला की चेंडू त्या बाजूला वळतो. इंग्रजीत हा अर्थ १६व्या शतकापासून आहे.

बरं, दोषच? शिवणाऱ्याला विचारा. गोल गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत. तिरकं ओढल्यावर कापड ताणलं जातं, म्हणून पट्टी वळणावर सपाट बसते. सरळ कापलेली तिथे चुण्या पाडते. हे उरेब म्हणजेच बायस. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर बायसवाचून अडतं; तिथे बायस म्हणजे आधीच देऊन ठेवलेला थोडा व्होल्टेज. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळेपर्यंत तो जवळजवळ बंदच असतो. पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग दोन वेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात. त्याचा बायस काढून बघा: लहर शून्यातून जाताना दर वेळी तिचा मधला तुकडा गायब होतो आणि हळू आवाजातलं गाणं चिरकं ऐकू येतं.

तिसरं वाक्य जास्त फसवं, कारण ते शास्त्रीय वाटतं. एक काटा कायम ५० ग्रॅम जास्त दाखवतो. दुसऱ्याची सरासरी अगदी बरोबर, पण दर वजनाला तो अर्धा किलो इकडे-तिकडे. बायस, म्हणजे सरासरीत एकाच बाजूला राहणारी चूक, शून्य आहे तो दुसऱ्याचा. मी पहिलाच घेईन. संख्याशास्त्रात सरासरी वर्गचूक (चुकांच्या वर्गांची सरासरी) म्हणजे बायसचा वर्ग अधिक प्रसरण (उत्तरं किती इकडे-तिकडे विखुरतात त्याचं माप). थोडा बायस पत्करून प्रसरण बरंच खाली येत असेल तर एकूण चूक घटते. १९७० साली होर्ल आणि केनार्ड यांनी मांडलेलं रिज रिग्रेशन, म्हणजे आकड्यांवरून अंदाज बांधण्याची एक पद्धत, याच सौद्यावर उभं आहे. नमुन्यावरून प्रसरण काढताना n (नमुन्यातल्या नोंदींची संख्या) ऐवजी n−१ ने भागायला शिकवतात, ते बायस घालवण्यासाठीच. पण त्याचंच वर्गमूळ घेऊन प्रमाण विचलन काढलं की बायस परत हजर! पाठ्यपुस्तकं हे सहसा तळटीपेत उरकतात.

उरलं यंत्र. इथे मात्र बायस वाईट अर्थानेच आहे, आणि नेमका इथेच संदेश तो नाकारतो. बुओलाम्विनी आणि गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. गणित तेच होतं. एकूण अचूकतेच्या एका आकड्यात ही दरी दिसली नसती. गट वेगळे करून मोजले तेव्हा दिसली.