फूटपाथवर चालणाऱ्यानं बाजूला का व्हायचं?

संध्याकाळपासून डोकं फिरलंय. लेक झोपलाय, नवरा म्हणतोय झोप आता, उद्या लिही. पण हे लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आज आम्ही चौघं सारसबागेत निघालो होतो. मी, नवरा, सासूबाई आणि आमचे अडीच वर्षांचे चिरंजीव. घर पुण्यात सदाशिव पेठेत, म्हणजे बाग चालत जायच्या अंतरावर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच एवढं चालायला तयार झाल्या होत्या, कारण नातवाला तळ्यातला गणपती आपण दाखवायचा हे त्यांचं कधीपासून ठरलेलं. नवरा रिकामी बाबागाडी ढकलत पुढे, मागे आजी-नातू हात धरून, त्यांच्या मागे मी. टिळक रस्त्याच्या फूटपाथवर. फूटपाथवर, हे नीट वाचा. आणि मागून हॉर्न. सिग्नलची गर्दी चुकवायला एक स्कूटरवाला सरळ वर चढलेला. "ओ आजी, बाजूला व्हा ना, दिसत नाही का?"

आईंनी घाबरून पोराला असं ओढलं की तो भिंतीला घासला. स्कूटरचा आरसा त्यांच्या पदरात अडकला, पदर टर्रकन फाटला, आणि तो माणूस मागे वळूनही न बघता निघून गेला. घरी येऊन कपडे बदलताना बघितलं, लेकाच्या मनगटावर आजीच्या चार बोटांचे लाल वळ उठले होते.

कोणाला फार लागलं नाही, देवाची कृपा. पण "दिसत नाही का" म्हणतानाचा त्याचा तो आवाज! त्यात जराही ओशाळलेपण नव्हतं. त्याच्या हिशेबी त्याच्या रस्त्यात आम्ही आलो होतो. आणि आई काय म्हणाल्या माहितीये? "जाऊ दे गं, आपणच जरा कडेनं चालायला हवं होतं." कडेनं म्हणजे कुठून? भिंतीतून? लग्न होऊन या शहरात आल्यापासून ही बाई बाजूलाच होत आली आहे. आता नातवालाही तेच शिकवायचं का?

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की मोकळे, चालण्याजोगे फूटपाथ हा नागरिकांचा हक्क आहे, घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच तो येतो. जगण्याचा हक्क! रस्ते कसे असावेत हे ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे निकष सांगतात की चालायला किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील इतकी. आमची एक बाबागाडी जात नाही हो. मध्येच विजेचा डीपी, मध्येच झाडाचं आळं, पुढे वर आलेलं चेंबरचं झाकण, मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू, आणि उरलेल्या जागेत ओळीनं दुचाक्या. दर इमारतीच्या गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. आईंच्या गुडघ्याला प्रत्येक वेळी जाणवतं. त्या थांबतात, माझा खांदा धरतात, आधी बरा पाय टाकतात, मग दुसरा.

आणि ठरवलं तर होतं, हे बघितलंय आपण. जंगली महाराज रस्त्यावरचे ते रुंद फूटपाथ बघा. म्हातारी माणसं बाकांवर बसलेली असतात, पोरं पळत असतात. पुण्यानं 2016 मध्ये पादचारी धोरणसुद्धा मंजूर केलंय. 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. गेल्या वेळी आम्ही गेलो होतो. लेकाला रस्त्याच्या मधोमध सोडून दिलं आणि तो नुसता धावत सुटला! हात धरायचा नाही, ओरडायचं नाही, "गाडी आली" म्हणायचं नाही. आई एका दुकानाच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होत्या, आणि नवरा आणि मी चक्क गप्पा मारत चाललो होतो. बाळ झाल्यापासून घराबाहेर आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललेलोच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. रस्त्यावर सतत कुणी ना कुणी पोरावर डोळा ठेवून असतं, मग बोलणार कधी?

मुलांना घेऊन सगळे मॉलमध्ये का जातात, म्हणून आपल्याकडे नाकं मुरडतात. अहो, खरेदीला नाही जात कोणी. सपाट जमीन आहे आणि पोराचा हात सोडता येतो, म्हणून जातात. नवऱ्याचे आजोबा त्याला घरून चालत पेशवे पार्कात न्यायचे, फुलराणीत बसवायला. 1956 पासूनची ती छोटी आगगाडी त्याच्या लहानपणाचा केवढा मोठा भाग आहे! जाताना वाटेत आजोबा वाडे दाखवायचे, ओळखीचं कोणी भेटलं की थांबून बोलायचे. ते सगळं चालण्यातच होतं. माझ्या मुलाला ते मिळायला नको?

फूटपाथवर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींचं काय, असं कोणीतरी विचारणारच. त्यांचं पोट आहे, मान्य, आणि त्या निदान सरकून वाट देतात. पेठेत गाड्या ठेवायला जागा नाही, हेही खरं. पण जागा नाही म्हणून माझ्या सासूच्या पायाखालची जागा घ्यायची? तो स्कूटरवाला कामावर असेल, उशीर झाला असेल, वर कोणीतरी त्याच्या नावानं ओरडत असेल. असेल. पण वाचलेल्या दोन मिनिटांपायी तो एका म्हातारीच्या आणि पोराच्या अंगावर गाडी घालत होता. ती बिचारी आज रात्री जेवताना म्हणत होती, "मला आता लांब नेऊ नका, मी घरीच बरी."

हे ऐकून मात्र माझा राग बसला आणि रडूच आलं. एवढे महिने व्यायाम करून, वेदना सोसून ती बाई उभी राहिली, आणि एका हॉर्ननं परत घरात बसली. आपल्या ओळखीतली किती म्हातारी माणसं अशीच घरात बसली असतील! "गुडघे दुखतात" म्हणतात. सगळं गुडघ्यांचंच नसतं ते. बाहेर पडायची भीती वाटते, आणि आपली मुलं कामात असतात म्हणून ते सांगत नाहीत.

नवरा म्हणतोय पुढच्या वेळी रिक्षा करू. एवढ्याशा अंतराला? मला नाही पटत. आईंना मी परत चालतच नेणार, सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. आणि मागून कोणी हॉर्न वाजवला तर मी हलणार नाही. वाजव म्हणावं. गाडी खाली उतरव आणि रस्त्यानं जा.

आता शेवटचं, आणि हे आमच्याच इमारतीतल्या मंडळींसाठी. गेटबाहेरच्या फूटपाथवर रोज ज्या दुचाक्या उभ्या असतात, त्या कोणाच्या आहेत मला माहीत आहे. ग्रुपवर फोटो टाकणार नाही, कारण आपण एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला जाणारी माणसं आहोत. पण उद्या सकाळी आईंना घेऊन खाली उतरले आणि गाड्या तिथेच दिसल्या, तर प्रत्येकाचं दार वाजवणार आहे. आईंना सोबत घेऊन.