याद्या पुरेत, आता बोलणं टिपा

कैकाडी, पारधी, वडारी, गोरमाटी. सोलापूरकराला यातलं काही ऐकायला लांब जावं लागत नाही. तरी ‘भाषा जतन’ म्हटलं की कुणीतरी वही काढतं नि विचारायला लागतं, हाताला काय म्हणता, पाण्याला काय म्हणता? शंभर शब्द, फोटो, सत्कार, झालं! आजी नातवावर कशी खेकसते, क्रियापद कसं चालतं, हे अशा यादीत कधीच येत नाही. वर प्रश्न मराठीत, म्हणून उत्तरही मराठीच्या साच्यातलं.

त्यापेक्षा कैकाडी घरातल्या जाणत्या बाईला टोपली विणायला बसवा. समोर तिची सून किंवा बहीण हवी, आपण गप्प. फोक सोलणं, बूड बांधणं, काठ वळवणं, मधेच एकमेकींच्या चुका काढणं, या सगळ्यातून क्रियापदं आपोआप पडतात.

मोबाइल चालतो, पण फाइल वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारी) हवी, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. मोनोत तासाला साधारण ३४५ एमबी लागतात. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज जतनाला नको, आवाज दाबला जातो नि बारीक फरक पुसतात. माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका, नाहीतर ‘फ’ला फुंकर बसते. पंखा बंद, शेजारचे माग बंद. (लोडशेडिंगचा एवढा एकच उपयोग.)

खरी गोची लिहिण्यात होते. कन्नडात ऱ्हस्व ओचा ‘कॊडु’ म्हणजे दे, दीर्घ ओचा ‘कोडु’ म्हणजे शिंग. आपण दोन्ही ‘कोडु’च लिहितो. कैकाडीही कन्नडासारखी द्राविडी आहे, जनगणनेत ती तमिळखाली मोजतात. म्हणून ऱ्हस्व ए-ओ वेगळे आहेत का, हे पहिल्याच दिवशी कान देऊन तपासा. असतील तर ऎ, ऒ ही अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, वापरा. वहीत एकदा घोळ झाला की मूळ आवाजाशिवाय तो निस्तरत नाही.

आणि परवानगी. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून पुढे तारेच्या कुंपणात डांबलं, १९५२ला मोकळं केलं, त्यांच्यातल्या कुणाला आपली पारुशी, म्हणजे परक्यांपासून लपवायची बोली, यूट्यूबवर नको असेल तर त्यात नवल काय? म्हणून दोनदा विचारायचं. एकदा रेकॉर्डिंगआधी, नि एकदा सगळं ऐकवून झाल्यावर. ‘एवढं काढा’ म्हणाले तर तिथल्या तिथे त्यांच्यासमोर काढायचं, उरलेलं पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी ठेवायचं.